लेकराला स्वतः काढता येईल तेच घाला

पाळणाघरात लेकरं भुकेने कमी रडतात, चड्डीपायी जास्त रडतात. नव्या आयांना हे सांगितलं की त्या हसतात, आणि पहिल्याच आठवड्यात ओल्या जीनची पिशवी घरी गेली की फोन करतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीत मी घरीच पाळणाघर चालवते. त्याआधी अंगणवाडीत मदतनीस होते. अंगणवाडी दुपारी सुटते आणि शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतले, आलापल्लीच्या वनविभागातले आईबाप संध्याकाळी घरी येतात. मधल्या वेळेची लेकरं माझ्याकडे. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी माडिया. कपड्यांचे हाल मात्र सगळ्यांचे सारखेच.

जीनपासूनच सुरुवात करते. तीन वर्षांचा पोरगा, कमरेला खरं बटण, खरी चेन, वरून पट्टा. फोटोत हिरो दिसतो. शू लागली की तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतो, पट्ट्याशी झटापट करतो. मदतनीस ताई कोणाला तरी भरवत असते. ती हात धुऊन येईपर्यंत काम झालेलं असतं. घरच्यांना वाटतं, एवढा मोठा झाला तरी याला कळत नाही. त्याला सगळं कळतं, फक्त पट्टा काढता येत नाही. एकाची चेन घाईत ओढताना कातडी अडकली, हेही माझ्या डोळ्यांसमोर झालं आहे. दवाखान्यात न्यावं लागलं. जखम लवकर भरली, पण ते पोरगं नंतर कितीतरी दिवस चड्डी काढायचं नाव काढलं की अंग चोरायचं, पोटात धरून ठेवायचं. तेव्हापासून माझ्याकडे चेनची पँट आणि पट्टा चालत नाही. प्रवेशाच्या दिवशीच सांगते.

नाडीची चड्डी सुती असते, अंगाला थंड असते, पण भिजली की गाठ अशी बसते की दातांनी सोडवावी लागते. खांद्यावर बक्कल असलेली डंगरी तर नकोच. शी करायला बसताना तिचे पट्टे मागे कुठे लोंबतात ते सांगायला नको. सगळ्यात बरी ती साधी इलास्टिकची चड्डी. इलास्टिकमध्ये मोठ्या माणसाची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. संध्याकाळी कमरेवर लाल वळ उठलेला दिसला तर ते घट्ट आहे. मांडीत सैल हवी, नाहीतर उकिडवं बसताना चड्डी खाली सरकत नाही आणि सगळं तिच्यावरच सांडतं. मुलींना फ्रॉक आणि आत इलास्टिकची चड्डी, हे आपल्या आज्यांनी शोधलेलं गणित अजून कोणी मोडलेलं नाही. फक्त फ्रॉक गुडघ्यापर्यंतच असावा.

एक छोटी गोष्ट या निमित्ताने. तेलुगू घरातलं लेकरू शू लागली की ‘उच्चा’ म्हणतं. नवी मदतनीस नागपूरकडची होती, तिला वाटलं पोरगी उंचावरचं खेळणं मागते आहे. म्हणून आता लेकराचं नाव लिहून घेताना घरी शू-शीला काय म्हणतात तेही मी लिहून घेते. चड्डी कितीही सोपी असली तरी मागणं कळलं पाहिजे ना.

बटणं, हुक, चेन लेकरांनी शिकू नये असं माझं म्हणणं नाही. शिकावं, पण घाईच्या वेळी स्वतःच्या कमरेवर नको. मारिया मॉन्टेसरी यांनी यासाठीच लाकडी चौकटी केल्या होत्या: एकीवर बटणं, एकीवर हुक, एकीवर नाडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मॉन्टेसरीची पद्धत आपल्या मुलांना, आपल्या परिसरातल्या वस्तूंनी शिकवून दाखवली. मला महागडी चौकट परवडणार नव्हती. घरच्या जुन्या शर्टाची बटणपट्टी कापून मी एका फळीवर खिळ्यांनी ठोकली, दुसऱ्या फळीवर जुन्या पर्सची चेन. लेकरं तासन्‌तास त्यात रमतात, आणि चार वर्षांची झाली की बहुतेकांना बटण जमतं. मग आणा बटणाची पँट, माझी ना नाही.

आता पायांकडे. घरात, फरशीवर, सतरंजीवर लेकराला अनवाणी राहू द्या. चालायला शिकणाऱ्या पायाला जमीन कळावी लागते. बोटांनी ती धरावी लागते. राव आणि जोसेफ या दोन भारतीय डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते तेरा वर्षांची मुलं होती. पादत्राणं वापरणाऱ्यांमध्ये सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी राहणाऱ्यांमध्ये २.८ टक्के. त्यातही बंद बुटांपेक्षा चपला-सँडल बऱ्या ठरल्या. म्हणून वर्षाच्या लेकराला टणक तळव्याचे, घोट्यापर्यंत आवळलेले बूट घालून ‘पाय सरळ होतील’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

पण दाराबाहेर पाऊल टाकलं की चप्पल हवीच. आमच्याकडची माती पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओली असते आणि आडोशाला बसणारी माणसं अजून आहेत. अंकुशकृमीच्या अळ्या अशाच ओल्या मातीत वाढतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. पुढे आतड्यात बसून रक्त पितात. लेकरू फिकट पडतं, मलूल होतं आणि घरचे म्हणतात, नजर लागली. २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते, एक ते दोन वर्षांच्या लेकरांना अर्धी, वरच्यांना पूर्ण. ती द्या. आणि संडासाच्या दाराशी लहान मापाच्या चपला ठेवा. माझ्याकडे तिथे रबरी चपलांचे चार जोड आहेत, कोणीही कोणतेही घालतं.

पावसाळ्यात बंद बूट-मोजे घालून पाठवणारे आईबाप मला समजतच नाहीत. सकाळी एका डबक्यात पाय पडला की संध्याकाळपर्यंत तो पाय ओल्या मोज्यात उकडत राहतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते. मागे पट्टा असलेले, पाणी निघून जाईल असे आणि फडक्याने पुसले की वाळणारे सँडल घ्या. पट्टा वेल्क्रोचा, म्हणजे लेकराला स्वतःला लावता येतो. पुढून बोटं झाकलेली असली तर आणखी चांगलं, आमच्या अंगणात मुळं आणि दगड पुष्कळ. गमबूट दिसायला छान, पण आत पाणी गेलं की बादली होते. आणि त्यात दुसरंही काही जातं. ओसरीवर रात्रभर राहिलेल्या अशाच एका पिवळ्या गमबुटातून सकाळी विंचू पडला. मदतनीस ताईला जोडे उंबऱ्यावर आपटून मगच घालायला द्यायची सवय होती म्हणून निभावलं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या घरात ही सवय पोरांनाही लावावी: आपट, उलटं कर, आत बघ, मग पाय घाल. जोडे जमिनीवर न ठेवता खुंटीला उलटे टांगा.

मापाबद्दल दरवर्षी तीच वादावादी. “मोठे घेतले तं दोन वर्सं पुरतीन ना ताई.” कपडे मोठे घ्या, खुशाल घ्या. पँटचे पाय दुमडून आतून टीप मारा, लेकरू वाढलं की उसवा. नुसते दुमडलेले पाय धावताना सुटतात आणि पोरगं तोंडावर पडतं. जोडे मात्र मापाचेच. सैल जोड्यात लेकरू पाय ओढत चालतं आणि पायरीला अडखळतं. अहेरीत लहान मापं नेहमी मिळत नाहीत. कोणी चंद्रपूरला जातं, कोणी वांगेपल्लीचा पूल ओलांडून कागजनगरला, कोणी मोबाइलवरून मागवतं. लेकरू दुकानात नसलं तरी चालेल. संध्याकाळी त्याला कागदावर उभं करा, दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवा, मोठा पाय धरा, सगळ्यात लांब बोटापुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडा. कागद कापून दुकानात जोड्याच्या आत सरकवून बघा. दर तीन महिन्यांनी पुन्हा काढा. या वयात पाय फार लवकर वाढतो. उजवं-डावं कळावं म्हणून दोन्ही सँडलच्या आतल्या कडेला नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचा आणि लेकराला सांगायचं, ठिपके एकमेकांना भेटले पाहिजेत.

याच संदर्भात एक गोष्ट सगळ्यांनी नीट वाचावी. थंडीच्या दिवसांत एका आईने दीड वर्षाच्या लेकराला चपलेशिवाय आणलं. म्हणाली, “काल होत होती, आज पायातच जात नाही. वाढला वाटते.” पाय एका रात्रीत वाढत नसतात. मी लेकराला मांडीवर घेतलं. दोन्ही पावलांवर सूज, कातडी ताणलेली, गरम. हात बघितले तर तळव्यांच्या मागेही तसंच, बोटं फुगलेली. पायाला हात लावला की किंचाळायचं. मार लागल्याची खूण कुठे नव्हती. दवाखान्यात पाठवलं. रक्त तपासलं, सिकलसेल निघालं, एसएस, म्हणजे नुसता वाहक नव्हे, आजारच.

सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या लेकरांत हातापायांची अशी सूज ही सिकलसेलची पहिली खूण असू शकते. आमच्या जिल्ह्यात हा आजार आदिवासींमध्ये आहे आणि इतर समाजांतही आहे, त्यामुळे ‘आपल्यात नसतो’ म्हणून सोडून देऊ नका. १ जुलै २०२३ रोजी देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली; सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते आणि कार्ड मिळतं. ज्याचं कार्ड एसएसचं आहे त्याच्या कपड्यांचे नियम वेगळे. अंग गार पडणं, ओलं राहणं, पाणी कमी पिणं यांनी दुखणं उसळतं. अशा लेकराला ओल्या चड्डीत पाच मिनिटंही ठेवू नये. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कानटोपी आणि मोजे, दुपारी ऊन चढलं की एकेक थर उतरवायचा. म्हणून जाड एकच स्वेटर देण्यापेक्षा बनियन, सुती सदरा आणि वर पुढून उघडणारं पातळ स्वेटर द्या. कार्डाची झेरॉक्स पाळणाघरात द्या. लाजायचं काही कारण नाही.

गळ्याशी काही नको: टोपीच्या जॅकेटची दोरी, ओढणी, गळ्यातला काळा दोरा, लांब माळ. घसरगुंडीच्या कडेला किंवा खिडकीच्या गजाला दोरी अडकली तर लेकराचं वजनच त्याचा गळा आवळतं. अमेरिकेत अशाच मृत्यूंनंतर १९९६ साली मुलांच्या जॅकेटच्या दोऱ्यांबद्दल सूचना निघाल्या. आपल्याकडे बाजारात अजून सर्रास मिळतात. घरी आणल्यावर पहिलं काम, दोरी ओढून काढून टाकायची. काळ्या दोऱ्यावरून एका आजींशी माझं चांगलंच वाजलं. “लेकराले नजर लागन ना वं!” मी म्हटलं, आजी, कमरेला करदोडा राहू द्या, नजर तिथूनही उतरते. ते त्यांना पटलं. वाळ्यांची सुटलेली घुंगरं, मनगटातले मणी, फ्रॉकवरचे चिकटवलेले मोती मात्र घरीच ठेवावेत. सगळं शेवटी तोंडात जातं.

बाकी थोडक्यात. उन्हाळ्यात सुती आणि फिक्या रंगाचं. नायलॉनच्या जाळीचा फ्रॉक घामोळ्या आणतो आणि चुलीजवळ गेला तर पेट घेतो. पावसाळ्यात सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण डेंग्यूचा डास दिवसाच चावतो आणि मलेरियाचा डास दिवेलागणीपासून. पांढरे मोजे, पांढरा सदरा विसरा; सुरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची लाल धूळ निघत नाही. पिशवीत दोन जादा चड्ड्या, एक सदरा आणि ओल्यासाठी रिकामी थैली. प्रत्येकावर एकाच रंगाच्या दोऱ्याची खूण. लेकराला नाव वाचता येत नाही, रंग ओळखता येतो.

हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे वर्षानुवर्षं बनियन आणि हाफ पँटवर वावरत आले आहेत, या भागात साध्या कपड्यांना कोणी नावं ठेवत नाही. धुऊन विटलेल्या सुती चड्डीत अंगणवाडीत येणारं पोरगं टाय लावलेल्या पोरापेक्षा कितीतरी सुखात असतं.

तुमच्या लेकराला लहान झालेले कपडे कपाटात ठेवू नका. धुऊन जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या, विशेषतः चड्ड्या. त्यांची गरज रोज पडते. इलास्टिक सैल झालं असेल तर आधी बदला. जुने जोडे मात्र देऊ नका, ते आधीच्या पायाच्या आकाराला बसलेले असतात. त्याऐवजी एक नवा रबरी जोड द्या, संडासाच्या दाराशी ठेवायला.