नव्या आज्ञावलीची पारख

लिनक्स ही संगणकप्रणाली अनेक संचांच्या रूपानें मिळते. त्यांपैकीं 'ओपनसूसे टंबलवीड' हा वाहत्या ओढ्यासारखा आहे. त्याची वार्षिक आवृत्ति निघत नाहीं, सॉफ्टवेअर तयार होईल तसें त्यांत येतें. मात्र पारखल्यावांचून तें पुढें सोडीत नाहींत. 'ओपनक्यूए' ही तपासणी-व्यवस्था मनुष्याप्रमाणें कळा दाबते, पडद्यावरील चित्र अपेक्षित चित्राशीं ताडून पाहते आणि गंभीर दोष आढळल्यास नवा संच थांबविला जातो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं निघालेला 'केडीई प्लाझ्मा ६' हा डेस्कटॉपही ह्याच वाटेनें आला.

तथापि त्याच वर्षीं 'एक्सझेड' नामक सॉफ्टवेअरांत लपविलेली चोरवाट ही चाळण चुकवून आंत शिरली. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास डेबियनच्या अशाच वाहत्या शाखेवर चांचणी करितांना, दूरस्थ प्रवेशास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. तें क्षुल्लक न मानतां त्यानें कारण शोधिलें आणि २९ मार्च रोजीं जगास सावध केलें.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र सांगितलेलेंच तपासतें. न सांगितलेलें जागरूक मनासच दिसतें. पारख करण्याविषयींची पौल प्रेषिताची शिकवण येथेंही लागू आहे, असें आम्हांस वाटतें. गणिताचा ताळा पाहतांना थोडा फरक आढळला, तर तो पुसूं नका, शोधा.