केळीच्या बागेतील तणांचा बंदोबस्त

तापीकाठचा बऱ्हाणपूर जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे. केळीच्या बहुतेक मुळ्या जमिनीच्या वरच्या थरात पसरतात. तणांची मुळेही तेथेच असल्याने पाणी व नत्र यांसाठी दोहोंत स्पर्धा होते. लागवडीनंतरच्या पहिल्या ४ ते ५ महिन्यांत झाडांची सावली जमीन झाकीत नाही, म्हणून तणे फोफावतात. या अवस्थेत खुंटलेली वाढ पुढे खते देऊनही पूर्णपणे भरून निघत नाही. घड उशिरा निसवतो व लहान राहतो.

दुसरी हानी रोगाची होय. ज्यास शेतकरी ‘हरण्या’ म्हणतात, त्या रोगाचा विषाणू केना यांसारख्या तणांत टिकून राहतो आणि मावा किडीमार्फत केळीवर येतो. रोगट झाड औषधाने बरे होत नाही. ते उपटून नष्टच करावे लागते.

याकरिता बाग प्रारंभापासून तणविरहित ठेवावी. ओळींमध्ये कोळपणी व बुंध्याजवळ खुरप्याने हलकी निंदणी करावी. झाडे मोठी झाल्यावर खोल मशागत टाळावी, कारण तीमुळे मुळ्या तुटतात. केन्याचे तुकडे ओलाव्यात पुन्हा रुजतात. म्हणून उपटलेला केना बांधावर न टाकता बागेबाहेर नेऊन नष्ट करावा.