ड्रम जरा हळू, पाजी!

अगं, यंदा मजूर मिळत नाहीत म्हणून सोयाबीन हार्वेस्टरनं काढायचं ठरवलंस ना, बरं केलंस. पण "ड्रायव्हर बघून घेईल सगळं" असं म्हणालीस, ते काही मला पटलं नाही. त्याला मशीन कळतं, नाही म्हणत नाही मी. पण तो एकरावर पैसे घेतो आणि दिवस मावळायच्या आत त्याला पुढची शेतं गाठायची असतात. दाणा फुटला तर आडतीवर भाव तुझा पडणार आहे, त्याचा नाही. म्हणून बांधावर बसून राहू नकोस, मशीनमागं चाल.

आधी ड्रमचं विचार. मशीन धानातून किंवा गव्हातून आलेलं असलं, तर ड्रमची गती त्याच पिकाची असते. गव्हाला मिनिटाला आठशे-हजार फेरे चालतात, पण सोयाबीनची त्या गतीत डाळच होते. बियाण्याचा माल काढताना ३५० ते ४०० फेऱ्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. सोयाबीनचं टरफल पातळ आणि अंकुर त्याच्या लगेच खाली. वरून दाणा धड दिसतो, आत मात्र मार बसलेला असतो, आणि ते आपल्याला कळतं जूनमध्ये, पेरलेलं उगवलं नाही की. काही मशीनमध्ये गती कमी करायला पुली बदलावी लागते, म्हणून ड्रायव्हर टाळाटाळ करतो. तू "पाजी, ड्रम धीमा करो" म्हणायला लाजू नकोस.

क्रम मात्र लक्षात ठेव. दाणा फुटत असेल तर पहिल्यांदा ड्रमची गती उतरवायची. तरीही फुटला, तर ड्रम आणि त्याखालच्या जाळीतलं अंतर थोडं वाढवायचं. उलट, न फुटलेल्या शेंगा मागं पडत असतील तर आधी जाळी किंचित जवळ घ्यायची, गती नंतर. एका वेळी एकच बदल, आणि दर बदलानंतर थोडं चालवून बघायचं. दोन गोष्टी एकदम हलवल्या की कशानं काय झालं तेच समजत नाही.

पंखा आणि चाळण्या म्हणजे आपलं सूपच. वारं जोरात लागलं तर दाणा भुसकटाबरोबर उडतो, कमी पडलं तर टाकीत कचरा येतो. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती ऐक: खालची चाळणी फार मिटलेली असली तर चांगला दाणाही खाली न पडता परत ड्रमकडं जातो आणि दुसऱ्यांदा मार खातो. गती कमी करूनही डाळ थांबत नसेल तर या परतीच्या मालात काय आहे ते बघायला सांग. तिथं स्वच्छ दाणाच दाणा दिसला, तर चाळणी थोडी उघडायची.

आता सांडण्याचा हिशेब. मशीनमागं एक चौरस फूट जागा बघ. तिथं चार दाणे दिसले, तर एकरी साधारण वीस किलो मातीत गेले समज. मग मशीन थांबवून थोडं मागं घ्यायला लाव आणि कटरनं कापलेल्या, पण मागचं भुसकट अजून न पडलेल्या पट्ट्यात बघ. तिथंही तेवढेच दाणे असले, तर दोष पंख्याचा नाही, पुढच्या कापणीचा आहे. मशीन जोरात पळतंय किंवा शेंगा कटरखाली राहतायत. पण म्हणून कटर जमिनीला टेकवायचा नाही, मातीची ढेकळं टाकीत येतात. पुढच्या वर्षी वाण निवडताना शेंगा जमिनीपासून किती वर लागतात याचाही विचार कर. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस १६२ मशीननं काढायला सोयीचं आहे.

सकाळी दवानं शेंग चिवट असते, दुपारी तीच कडक होऊन तडकते. सकाळची सेटिंग दुपारी चालत नाही, तेव्हा जेवणानंतर पुन्हा एकदा टाकीतला दाणा मुठीत घेऊन बघ. ओलावा १३ ते १५ टक्क्यांत असताना काढलेलं उत्तम. हमीभाव केंद्रासाठी मात्र ते १२ टक्क्यांपर्यंत वाळवावं लागतं.

बियाण्याचा पट्टा वेगळा ठेव. मशीन शेजाऱ्याच्या रानातून आलेलं असतं, त्याच्या वाणाचे दाणे आत अडकलेले असतात. म्हणून पहिली टाकी विक्रीला काढायची, बियाणं त्यानंतरचं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघ. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरतं, त्याहून कमी उगवले तर बियाणं वाढवावं लागेल.

आणि हे दटावूनच सांगते. पदर खोचलेला, ओढणी घट्ट बांधलेली हवी. काही अडकलं तर इंजिन बंद करून किल्ली काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही, तूही नाही आणि त्यानंही नाही.

हे सगळं मशीन शेतात शिरायच्या आधी, एकराचा भाव ठरवतानाच बोलून घे. थांबून बघण्यासाठी तो थोडे पैसे जास्त मागेल, घासाघीस करून दे. पहिल्या फेरीनंतर मूठभर दाण्यांचा फोटो पाठव मला, मी इथून सांगते काय फिरवायचं ते.