पडद्यावरचं टिपलं, पण ठेवलं कुठे?

दादोबा वामन खोतांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना जागा दिल्या आणि गिरगावात खोताची वाडी उभी राहिली. तिथे एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती, आज निम्मीही उरलेली नाहीत. अशा ठिकाणी घराचा कागद जपण्याचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. पण मालमत्ता कराचा भरणा, महारेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावरची प्रकल्पाची नोंद, विकासकाने दाखवलेला नकाशा हे सगळं आता पडद्यावर दिसतं, आणि पडद्यावरचं पान उद्या तसंच असेल याची हमी नसते. म्हणून लोक स्क्रीनशॉट घेतात. माझा अनुभव असा की बहुतेकांची चूक घेताना होत नाही, ठेवताना होते. विंडोजच्या कित्येक संगणकांवर नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की चित्र फक्त क्लिपबोर्डवर जातं. त्यानंतर दुसरं काही कॉपी केलं किंवा संगणक बंद केला, की ते गेलं. विंडोजचं बटण धरून प्रिंट स्क्रीन दाबलं, तर मात्र पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये पीएनजी फाइल तयार होते. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि 3 एकत्र दाबले की ती डेस्कटॉपवर येते. पूर्ण पडदा घ्यावा, वरचा वेबपत्ता आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ कापू नये. फाइलला तारखेसह नाव द्यावं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास चित्र दाबलं जातं, बारीक अक्षरं पुसट होतात. तिथे डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावं.

यावर कुणी म्हणेल, स्क्रीनशॉट तर कुणीही बनवू शकतो, कोर्ट तो मानेल कशाला? शंका रास्त आहे. जालन्याच्या 2014च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टात हजर करून सिद्ध केलं तर ते लागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्येही प्रमाणपत्राची अट आहे, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून गणिताने काढलेला ओळख-संकेत, नोंदवावं लागतं. फाइलमध्ये किंचित फेरफार झाला तरी ते मूल्य बदलतं. म्हणजे शंकेचं उत्तर स्क्रीनशॉट टाळणं हे नाही, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवणं हे आहे. खुणा करायच्या त्या वेगळ्या प्रतीवर कराव्यात, संगणक विकण्याआधी वकिलाला विचारावं, आणि जिथे सही-शिक्क्याची किंवा डिजिटल सहीची प्रत मिळते तिथे आधी तीच घ्यावी.

उरतो कंटाळ्याचा आक्षेप: एवढं कोण करत बसणार? प्रत्येक पानासाठी मीही करा म्हणणार नाही. पण आपल्या खोलीचं क्षेत्रफळ, भाड्याची रक्कम, ताब्याची तारीख ज्या पानावर दिसेल, ते त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा, स्वतःलाच ईमेल करा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या घरी द्या.