शिल्लक ८५ हजार, पण कोणाची?

राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या संस्था देणगीदारांच्या विश्वासावर चालत आल्या आहेत, आणि हा विश्वास हिशेबावर टिकतो. विश्वस्तांत व्यापारी पुष्कळ असतात. दुकानाच्या गल्ल्यातली शिल्लक मालकाची असते. संस्थेचे तसे नाही. हा फरक आम्ही एका काल्पनिक उदाहरणाने मांडतो.

एका जमातीकडे मागील शिल्लक काही नाही. वर्षात जकात ८०,००० रुपये, इमारतीसाठी ७०,००० आणि सर्वसाधारण देणगी ५०,००० जमा झाली. जकातीतून ५५,००० हकदारांना वाटले. पगार, वीजबिल व किरकोळ खर्च ६०,००० झाला. इमारतीचे काम सुरू झालेले नाही. रोजकीर्दीत शिल्लक ८५,००० दिसते आणि सभेत टाळ्या पडतात.

आता खतावणीत तीन खाती पाडा. जकातीचे २५,००० उरले, इमारतीचे ७०,००० उरले. बेरीज ९५,००० होते, पण हाती ८५,००० च आहेत. कारण सर्वसाधारण खात्यात १०,००० ची तूट आहे. म्हणजे वीजबिल व पगारापैकी १०,००० रुपये दुसऱ्याच कामासाठी दिलेल्या पैशातून गेले. जकातीचे हकदार कुरआनने सूरह तौबामध्ये (आयत ६०) ठरवून दिले आहेत. ती अमानत आहे. तिला हात लावण्याचा अधिकार विश्वस्तांना नाही.

यासाठी देणगीच्या पावतीवरच कारण लिहावे. जकातीसाठी बँकेत वेगळे खाते ठेवावे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नियमांनी नमुने दिले आहेत : ताळेबंदासाठी अनुसूची आठ, उत्पन्न-खर्च पत्रकासाठी अनुसूची नऊ. सर्वसाधारण देणगी उत्पन्नात दाखवावी; विशिष्ट कामाचा निधी ताळेबंदात देण्याच्या बाजूस स्वतंत्र दाखवावा.

तूट दिसली तर लपवू नये. सभेत सांगून सर्वसाधारण देणगी गोळा करावी आणि उचललेली रक्कम त्या त्या निधीत परत भरावी. तूट उघड सांगणाऱ्या संस्थेलाच लोक पुढच्या वर्षी निःशंकपणे पैसे देतात.