एकेक नग बरोबर, तरी जोडणी का अडते?

कापडाच्या दुकानदारांनी लोखंडावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण मापाचा हिशेब दोन्हीकडे एकच आहे. आम्ही मंडपाच्या कनातीसाठी दहा पट्टे कापले आणि प्रत्येक पट्टा अर्धा इंच आखूड निघाला, तर शिवल्यावर पाच इंचांची तूट येते. एकेक पट्टा पाहणाऱ्याला मात्र त्यात काही खोट दिसत नाही.

आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात लेथ, वेल्डिंग आणि ग्रिलचे काम करणारे पुष्कळ कारागीर आहेत. मोठ्या गिऱ्हाइकाचे काम आले की सोबत ड्रॉइंग येते आणि मापाशेजारी ‘अधिक-उणे’ लिहिलेले असते. या सवलतीला टॉलरन्स म्हणतात. अनेक नगांचे टॉलरन्स एकत्र आल्यावर काय होईल, हे काम घेण्यापूर्वीच मांडून पाहिले पाहिजे. नाही तर माल परत येतो, लोखंड व मजुरी अंगावर पडते आणि पुढची ऑर्डरही जाते.

एक उदाहरण घेऊ. एका खाचेत 25 मि.मी. जाडीच्या चार चकत्या ओळीने बसवायच्या आहेत. प्रत्येक चकतीला अधिक-उणे 0.1 मि.मी. सूट आहे. खाचेचे माप 100.3 मि.मी. असून तिलाही 0.1 ची सूट आहे. हिशेब असा करावा :

1. कोणती फट महत्त्वाची आहे, ते आधी ठरवावे. येथे खाच वजा चार चकत्या, ही ती फट.
2. मूळ मापे मांडावीत. 100.3 वजा 100, म्हणजे 0.3 मि.मी. फट.
3. सर्व सुटी मिळवाव्यात. चार चकत्यांच्या 0.4 आणि खाचेची 0.1, एकूण 0.5.
4. फट 0.3 अधिक-उणे 0.5 झाली. म्हणजे जास्तीत जास्त 0.8 आणि कमीत कमी उणे 0.2.

उणे फट म्हणजे चकत्या आत जाणारच नाहीत. पाचही नग तपासणीत पास, तरी जोडणी नापास! येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मापे वजा होतात, पण सुटी कधीच वजा होत नाहीत. त्या नेहमी मिळवायच्याच असतात, कारण चूक कोणत्या बाजूला जाईल हे आपल्या हाती नसते.

सर्व नग एकाच वेळी टोकाच्या मापाचे निघणे विरळा, म्हणून मोठे कारखाने दुसरी रीतही वापरतात. प्रत्येक सुटीचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. आपल्या उदाहरणात ते सुमारे 0.22 येते, म्हणजे फट 0.08 ते 0.52 राहते आणि काम जमते. पण ही रीत नगांची मापे मधल्या आकड्याभोवती विखुरलेली असतील तरच खरी ठरते. लहान वर्कशॉपमध्ये एकच टूल झिजत जाते आणि सगळे नग एकाच बाजूला सरकतात. आखूड गज प्रत्येक वेळी आखूडच मोजतो. म्हणून लहान कारागिराने पहिल्या रीतीवरच विसंबावे.

हा हिशेब आपल्या डोळ्यांसमोरून रोज धावतो. येडशीवरून जाणारी बार्शी लाईट रेल्वे 762 मि.मी. रुंदीच्या रुळांवर चाले. 2008 पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला. ब्रॉडगेजमध्ये रुळांमधील अंतर 1676 मि.मी., दोन चाकांच्या आतील बाजूंमधील अंतर 1600 आणि चाकाच्या प्रत्येक कडेची जाडी 28.5 धरतात. 1676 मधून 1600 आणि दोन कडांचे 57 वजा केले की 19 मि.मी. उरतात. चाकाला डावी-उजवीकडे हलायला एवढीच मोकळीक असते. कडा झिजून प्रत्येकी 16 मि.मी. राहिल्या, तर हीच मोकळीक 44 होते. एका कडेची झीज साडेबाराच, पण दोन्हींची मिळून 25. म्हणूनच रेल्वेत झिजेची हद्द ठरलेली असते आणि चाके वेळोवेळी मोजली जातात.

आता उपाय पाहू. पहिला, नगांची संख्या कमी करावी. चार चकत्यांऐवजी 100 मि.मी. ची एकच चकती त्याच 0.1 सुटीने केली, तर एकूण सूट 0.5 वरून 0.2 वर येते आणि फट 0.1 ते 0.5 राहते. दुसरा, सर्व खुणा एकाच टोकापासून कराव्यात. ग्रिलच्या पट्टीवर दहा भोके पाडताना प्रत्येक भोक मागच्या भोकापासून मोजले आणि दर वेळी 1 मि.मी. चूक झाली, तर शेवटचे भोक 10 मि.मी. सरकू शकते. टेप एकाच टोकाला धरून सर्व खुणा केल्या, तर तेच भोक 1 मि.मी. च्या आत राहते. तिसरा, जेथे गरज आहे तेथेच सूट घट्ट करावी. घट्ट मापाला वेळ जास्त लागतो, वाया जाणारा माल वाढतो, आणि हा खर्च भावात धरावाच लागतो.

भाव सांगण्यापूर्वी कागदावर ही बेरीज करावी. उणे फट निघाली तर ते गिऱ्हाइकाला तेव्हाच दाखवावे आणि ड्रॉइंगमधील माप लेखी बदलून घ्यावे. माल तयार झाल्यावर तीच गोष्ट सांगितली, तर ती सबब ठरते.