पाहुणी म्हणून जा गं

परवा रंकाळ्यावर भेटलीस तेव्हा भेळ हातातल्या हातात मऊ पडत होती आणि तू एकामागून एक विचारत होतीस. खायचं काय, बोलायचं काय, पोराला ताप आला तर पळायचं कुठं? उभ्या उभ्या मी 'होईल गं सगळं' एवढंच म्हणाले. घरी आल्यावर माझं मलाच वाटलं, हे काय उत्तर झालं? तू निघालीस त्याच चीनमधल्या केचाओत सहा वर्षं काढलीत मी, 2013 ते 2019. तेव्हा आता नीट बसून ऐक.

शाओशिंग शहराचा तो भाग म्हणजे नुसता कापडाचा समुद्र. इचलकरंजीची अख्खी पेठ उचलून तिथं ठेवली, तरी शोधावी लागेल. म्हणूनच आपल्या देशातले व्यापारी तिथं बरेच आहेत आणि हिंदी बोलणारं कुणीतरी पहिल्या आठवड्यातच भेटतं. ती काळजी सोड.

काळजी कागदांची कर. भाड्याच्या घरात उतरलीस की 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत नोंद करायची. हॉटेलात राहिलं तर हॉटेलवालेच करतात, घरात राहिलं तर आपण. आम्ही काय केलं? पहिले दोन दिवस झोपा काढल्या, तिसऱ्या दिवशी पडदे लावले आणि चौथ्या दिवशी आठवण झाली. 2000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो. आम्हाला समज देऊन सोडलं, पण माझे पाय लटलट कापत होते. घर बदललं की पुन्हा नोंद, हेही लक्षात ठेव. तुझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीमागचा, कुटुंबाचा. त्यावर उतरल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज द्यायचा. आणि बघ, त्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. 'जरा योगाचे क्लास घेते, चार पैसे येतील' हे डोक्यातून काढून टाक.

नावाचं तर विचारूच नको. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला चिकटून नवऱ्याचं नाव आणि वेगळ्या रकान्यात आडनाव. त्यांच्याकडे आडनाव आधी. बँकेत, मोबाइलच्या सिमला, रेल्वेच्या तिकिटाला प्रत्येकाने माझं नाव वेगळ्या क्रमाने लिहिलं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. एका दवाखान्यात तर अर्धा तास ते माझ्या नवऱ्याच्या नावाने पुकारा करत होते आणि मी शांतपणे मासिक चाळत बसले होते, चित्रं बघत! पहिल्या दिवशी जो क्रम लिहिशील तोच कागदावर लिहून पर्समध्ये ठेव आणि सगळीकडे तोच दाखव. शेजारणीला मात्र माझ्या नावाचं वेगळंच नवल. तिथं लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. 'तुम्हा दोघांचं एकच कसं? भाऊबहीण आहात का?' म्हणून तिने सरळ विचारलं होतं.

फोनची तयारी इथूनच करून जा. तिकडे व्हॉट्सॲप, गूगल बंद आणि त्यांचं वीचॅट आपल्या सरकारने जून 2020 मध्ये इथं बंद केलंय. म्हणजे दोन्ही दारांना कड्या. इथल्या सिमचं रोमिंग चालू ठेवलंस तर व्हॉट्सॲप उघडतं, पण ते महाग पडतं. रोजच्या बोलण्यासाठी दुसरा मार्ग जायच्या आधीच ठरव आणि आईच्या फोनवर स्वतः बसवून दे, तिला चार वेळा लावायला लाव. तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे कोल्हापुरात सात, आईची दिवाबत्ती झालेली असते. ती वेळ बरी. पैशाचं मात्र सोपं झालंय. भाजीवालीसुद्धा चौकोनी कोड पुढे करते, आपल्या मंडईसारखीच. 2023 पासून बाहेरच्या देशांतली कार्डंही त्यांच्या ॲपला जोडता येतात. आमच्या वेळी नोटा मोजत बसायचो.

आता खाणं. तू पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली, तुला मांसाचं भय नाही. पण श्रावण पाळतेस, तेव्हा सांगते. 'भाजीच आहे' म्हणतात त्यातही डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते. बुद्धमंदिराजवळची शाकाहारी खानावळ शोधून ठेव, श्रावणात जीव वाचवते. शाओशिंगचं ते आंबवलेलं, वासाचं टोफू पहिल्या दिवशी गल्लीत तळत होते, तर मी गटार फुटलंय म्हणून घरमालकाला बोलावून आणलं. हसू नकोस! आलं, लसूण, कोथिंबीर, शेंगदाणे, तीळ सगळं मिळतं. आणि ज्वारीसुद्धा मिळते गं, तिला ते गाओल्यांग म्हणतात. मला मिळालेलं पीठ लालसर होतं, भाकरी थापताना काठ फाटायचे, पण तव्यावरचा तो वास आला आणि मी ओट्याला टेकून रडले होते. इथून नेताना दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतात.

भाषेचं खरं सांगू का, पुस्तकातून नाही येत ती. सूर चुकला की अर्थ पालटतो. सपाट सुरातलं 'थांग' म्हणजे सूप आणि चढत्या सुरातलं 'थांग' म्हणजे साखर. मी चहात घालायला साखर मागितली आणि समोर अंड्याच्या सुपाचा वाडगा आला. प्यायले निमूटपणे. त्याहून मोठा पराक्रम टोपीचा. थंडीत नवऱ्याला छान हिरवी लोकरीची टोपी आणली, तर ऑफिसात सगळे तोंड दाबून हसायला लागले. हिरवी टोपी घातलेला पुरुष म्हणजे ज्याची बायको बाहेर लफडं करते तो! बिचारा आठवडाभर घालून हिंडत होता. तेव्हा टोपी निळी घे, आणि कुणाला घड्याळ भेट देऊ नकोस, ते अंत्यविधीसारखं ऐकू येतं त्यांना.

एक शब्द मात्र तुला शिकावाच लागणार नाही. तिथं मावशीला 'आयी' म्हणतात. आपल्या कानाला अगदी 'आई'. माझ्या मजल्यावरच्या मावशीला मी पहिल्या दिवसापासून आईच म्हणत आले, तिला वाटायचं माझे उच्चार फार चांगले आहेत. अशी एक आयी गाठ, बाकी सगळं मागून येतं. ती नवऱ्याचा पगार विचारेल, तुझं वजन विचारेल, दुसरं कधी म्हणेल. राग मानू नकोस, आपल्या गल्लीतल्या काकू वेगळं काय विचारतात? गार पाणी प्यायलीस तर ओरडेल. माझं बाळंतपण तिकडेच झालं. आपला सव्वा महिना तसा त्यांचा पुरा महिना, बाहेर पडायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही. माझी आई इथून डिंकाच्या लाडवांचं सांगायची आणि तिकडची आयी कोंबडीचं सूप आणून पुढ्यात ठेवायची. दोघींची भाषा एक असती तर त्यांनी मिळून मला घरातून हलूच दिलं नसतं.

2017 च्या मे महिन्यात तिकडे 'दंगल' लागला. आयी दोनदा बघून आली आणि म्हणाली, तुमच्याकडे बायका कुस्ती खेळतात? मी ऐटीत सांगितलं, माझं गाव पैलवानांचं, आमच्या राजाने 1912 मध्ये खासबाग मैदान बांधलं. पुढच्याच महिन्यात सीमेवर डोकलामचा वाद सुरू झाला. टीव्हीवर रोज आपल्या देशाविरुद्ध काहीबाही, आणि आयी दारात सुपाचा डबा घेऊन उभी. रिक्षावाल्याने मात्र 'यिंदू', म्हणजे भारत, ऐकल्यावर तोंड फिरवलेलंही आठवतं. दोन्ही खरंच. अशा दिवसांत वाद घालायचा नाही, मोबाइलवर मतं लिहायची नाहीत, आणि सीमेचा विषय निघाला की भाजीचा भाव विचारायचा.

आणि एक लाज वाटणारी गोष्ट. बागेतल्या एका आजोबांनी मी भारतीय म्हटल्यावर 'ख दीहुआ' म्हणत माझा हात हातात घेतला. मी आपली बघत राहिले. घरी येऊन शोधलं तर ते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, भाषा शिकले, तिथल्याच क्वो छिंगलानशी लग्न केलं, मुलाच्या नावात दोन्ही देश घातले, आणि 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच वारले, अवघे 32 वर्षांचे. त्यांच्यावर सिनेमा काढणारे शांताराम आपल्या कोल्हापूरचे, आणि ते मला चीनमधल्या आजोबांमुळे कळावं? तू निदान एवढं पाठ करून जा, म्हाताऱ्या माणसांचे चेहरे कसे उजळतात बघ.

एकटं वाटेल. पोराचे केस रस्त्यात कुणीही कुरवाळेल, न विचारता फोटो काढतील, तुझ्यासमोरच 'लाओवाय' म्हणजे परकी म्हणतील. सहाव्या वर्षीही म्हणायचे. मला सुरुवातीला वाटायचं, आपण नीट वागलो, नीट बोललो की एक दिवस हे आपल्याला आपलं म्हणतील. नव्या सुनेसारखी राबायचे मी त्यासाठी. मग एकदा आयीच म्हणाली, 'तू पाहुणी आहेस, इतकं कशाला करतेस?' आधी लागलं मला ते. नंतर हलकं वाटलं. पाहुणीला तिजोरीच्या किल्ल्या मिळत नाहीत, पण तिची भाकरी करपली तरी कुणी बोलत नाही. सून म्हणून जाऊ नकोस गं, सुनेच्या परीक्षा इथं काय कमी दिल्यास?

रविवारी दुपारी ये. खोबरं भाजून ठेवते, कांदा-लसूण चटणी दोघी मिळून कुटू. पासपोर्टची झेरॉक्स आण, तुझं नाव कोणत्या क्रमाने लिहायचं ते आधी ठरवू.